शंभरच्या आत

मे महिन्यातली दुपार. ठाण्यातलं लोकमान्यनगर, पाडा नंबर चार. येऊरच्या डोंगराकडे चढत गेलेल्या बैठ्या चाळींमधलं एक घर: दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग आणि त्याच्या मधोमध पंखा. भाची फरशीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर टॅब. मी उंबऱ्याशी. घरातली बाई आमच्या समोर, आणि तिच्या बाजूला तिचा दीड-दोन वर्षांचा नातू उघड्या अंगाने झोपलेला. प्रश्नावलीचा शेवटचा भाग आला होता. भाचीने वाचलं, "पुढच्या वर्षभरात घरातला विजेचा वापर कमी करायला तुम्ही तयार आहात का?" बाईने एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठली आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. "केला बघा, मॅडम," म्हणाली.

पंख्याची पाती मंदावत गेली आणि वरच्या पत्र्याची धग खाली उतरल्यासारखी झाली. तोवर पंख्याच्या आवाजात न ऐकू आलेले आवाज एकेक करून आत आले. शेजारच्या घरातली टीव्हीवरची मालिका, गल्लीतल्या नळाखाली लावलेल्या पिंपाचा आवाज, कुठेतरी मिक्सर. भाची घाईघाईने म्हणाली, "अहो काकू, नको, लावा पंखा. आम्ही महावितरणकडून नाही आलो. अभ्यासासाठी विचारतोय फक्त." बाई परत जागेवर येऊन बसली. पदराने बाळाला वारा घालत म्हणाली, "असू दे. चालतं आम्हाला." बाळ या कुशीवरून त्या कुशीवर झालं, किरकिरलं. शेवटी भाचीनेच उठून पंखा लावला. टॅबवर तीन पर्याय होते: पूर्णपणे तयार, थोडीफार तयार, तयार नाही. तिचं बोट पडद्यावर बराच वेळ अधांतरी राहिलं, आणि तिने तो रकाना रिकामा ठेवून पुढचं पान उघडलं.

चालतं आम्हाला.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रिक्षात, घरी आल्यावर, रात्री आमच्या पाचपाखाडीच्या घरात पंख्याखाली पडल्यावरसुद्धा.

भाची हवामान धोरणावर पीएचडी करते आहे. घरं थंड ठेवायला किती वीज लागते, त्यातून किती कार्बन हवेत जातो आणि तो कमी करण्यासाठी काय करता येईल, असा तिचा विषय. ठाणं तिने निवडलं कारण इथे एका तासाच्या अंतरात सगळ्या तऱ्हेची घरं सापडतात: पाड्यातले पत्रे, किसननगरच्या एकमेकींना खेटलेल्या चार मजली इमारती, नौपाड्यातले जुने फ्लॅट, घोडबंदर रोडचे तीस-चाळीस मजली टॉवर. सर्वेक्षणाच्या काळात ती माझ्याकडे राहत होती आणि मी निवृत्त, म्हणून तिच्याबरोबर फिरत होते. मे महिन्यात दुपारी अनोळखी मुलगी टॅब घेऊन दारात आली तर लोक दार किलकिलं करतात. सोबत पिकल्या केसांची बाई असली की पूर्ण उघडतात आणि पाणीही विचारतात. माझं काम एवढंच होतं. पण माणूस नुसतं सोबत बसलं तरी ऐकत असतंच.

त्या बाईचं दुसरंही एक उत्तर मला आठवतं. महिन्याला किती युनिट जळतात, असं विचारल्यावर ती बिल आणायला उठली नाही. "चौऱ्याण्णव. मागच्या महिन्यात सत्त्याण्णव. शंभरच्या आत ठेवते मी." शंभरच्या पुढे गेलं की दर कसा चढतो, हे तिला तोंडपाठ होतं. महिन्याच्या वीस तारखेला ती गल्लीच्या टोकाशी असलेल्या मीटरच्या पेटीपाशी जाऊन आकडा बघून येते. आकडा पुढे धावत असेल तर शेवटचे दहा दिवस टीव्ही बंद, फ्रिज रात्री बंद, इस्त्री बाहेर. पंखा मात्र चालू राहतो, कारण पत्र्याखाली पंख्याशिवाय बाळ झोपत नाही. तिचा मुलगा वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला आहे, सून एका दवाखान्यात आया आहे, नवरा घरीच असतो. पाच माणसं, चौऱ्याण्णव युनिट. आपल्या घरातल्या प्रत्येक वस्तूला वीज किती लागते, हे इतकं नेमकं सांगणारं दुसरं कोणी मला त्या सगळ्या फिरण्यात भेटलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही घोडबंदर रोडला, वाघबीळच्या एका टॉवरमध्ये गेलो होतो. घरमालक इंजिनिअर, बोलायला अतिशय मोकळे. त्यांनी आमच्यासाठी कोकम सरबत केलं, एसी लावला आणि प्रत्येक प्रश्नाला विचार करून उत्तर दिलं. युनिटचा प्रश्न आला तेव्हा त्यांना मोबाइल उघडावा लागला. बिल खात्यातून परस्पर जातं, बघायची वेळ येत नाही. सहाशेचाळीस निघाले. माणसं तीन. वापर कमी करायला तयार आहात का, यावर ते मनापासून म्हणाले, "हो, नक्कीच. मुलीसाठी तरी करायलाच हवं." एसी चोवीस अंशांवर ठेवायचा, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. भाचीने "पूर्णपणे तयार" या पर्यायावर बोट ठेवलं. पाड्यातल्या बाईने बटण बंद करून दिलेलं उत्तर नोंदवलं असतं, तर त्याच रकान्यात त्याच वजनाने जाऊन बसलं असतं. सांख्यिकीला दोन्ही एकच.

रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघींनी हिशेब मांडला. साधा छताचा पंखा पंच्याहत्तर वॉटचा. दहा तास चालला तर पाऊण युनिट. आपल्याकडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळसा जाळून होते. म्हणजे त्या बाळाची झोप दिवसाला अर्ध्या किलोची. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सात-आठ युनिट, पाच किलोच्या वर. पाड्यातल्या घरात माणशी महिन्याला तेरा किलो, टॉवरमधल्या घरात दीडशे. लोकमान्यनगर आणि वाघबीळ एकाच शहरात आहेत, एकाच महापालिकेत कर भरतात, आणि टीएमटी बसच्या एका फेरीएवढं त्यांच्यात अंतर आहे.

भाचीने वर्तमानपत्राच्या कडेला मला एक समीकरण लिहून दाखवलं. योइची काया नावाच्या जपानी ऊर्जातज्ज्ञाचं. एखाद्या देशाचं उत्सर्जन म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार: लोकसंख्या, माणशी उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागचा कार्बन. जगभरचं हवामान धोरण या चार आकड्यांभोवती फिरतं. लोकसंख्येला हात लावता येत नाही, उत्पन्न कमी करा असं कोणी म्हणणार नाही, म्हणून उरलेल्या दोहोंवर सगळा जोर. भारताने २०३० पर्यंतचं जे वचन दिलं आहे, तेही तसंच आहे: उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी उतरवायचं आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-वायूऐवजी सूर्य, वारा, पाणी, अणू यांची करायची. क्षमतेचा हा टप्पा देशाने २०२५ च्या मध्यालाच गाठला. प्रत्यक्ष वीज मात्र अजून बहुतेक कोळशाची येते, कारण सूर्य रात्री नसतो आणि पाड्यातला पंखा रात्रीच सर्वांत जास्त लागतो. मला त्या समीकरणातलं "माणशी" खटकत राहिलं. त्या एका शब्दात ती बाई आणि ते इंजिनिअर मिसळून जातात, आणि सरासरीतून जे बाहेर येतं ते दोघांचंही नसतं.

हे माझ्याच मनात आलं असं नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच हा प्रश्न जगापुढे ठेवला होता. एका अमेरिकी संस्थेने देशोदेशींच्या उत्सर्जनाचे आकडे काढताना आपल्याकडच्या भातशेतीतला आणि गुरांचा मिथेनही तिकडच्या मोटारींच्या धुराच्याच पंगतीत बसवला, तेव्हा या दोघांनी विचारलं की पोटासाठी होणारं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एकाच मापाने कसं मोजता. मला हे वाचताना अभिमान वाटला. इतका साधा आणि न्याय्य प्रश्न आपल्या माणसांनी जगाला विचारला होता. आजही भारताचं माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी पाच टनांच्या जरा आत, अमेरिकेची चौदाच्या घरात. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये आपण हे आकडे मांडतो आणि ते मांडायलाच हवेत. पण तोच प्रश्न देशाच्या आत, शहराच्या आत विचारायला आपण कचरतो. भाचीला तो ठाण्यात विचारायचा आहे, आणि म्हणून मला तिचं काम मोलाचं वाटतं.

उकाड्याकडे आपण फार काळ केवळ त्रास म्हणून पाहिलं. अंगाची लाही झाली, घामाच्या धारा लागल्या, पाऊस कधी येतोय, एवढंच. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसं तासन् तास उन्हात बसली आणि त्यातल्या चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा खाडीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. श्रद्धेने आलेली, घरून पाण्याची बाटली आणि डबा घेऊन निघालेली माणसं. कितीतरी दिवस मला त्या मैदानावर राहिलेल्या चपलांची आणि छत्र्यांची छायाचित्रं आठवत होती. हवामान खात्याच्या निकषात किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेची रेघ ३७ अंशांवर आहे, मैदानी प्रदेशात ४० वर. आकडा कमी, पण आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर शरीराला थंड होण्याचा मार्गच उरत नाही. नागपूरला कूलर चालतो, ठाण्यात चालत नाही, ते याचमुळे. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यात तेराशेहून जास्त माणसं उष्णतेत गमावल्याचं नंतरच्या अभ्यासात निघालं, आणि त्या शहराने २०१३ साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. मरण मोजलं गेलं म्हणून आराखडा झाला. संशोधन म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन. कोणीतरी महापालिकेच्या मृत्यूनोंदी घेऊन बसलं, आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, आणि जे नुसतं "उन्हाळा कडक होता" म्हणून विसरलं गेलं असतं त्याला आकडा दिला.

मग "चालतं आम्हाला" याचा अर्थ काय घ्यायचा?

माझं लहानपण नौपाड्यात गेलं. गोखले रोडच्या आतल्या बाजूला आमचं कौलारू घर होतं, पुढे पडवी, मागे विहीर आणि रामफळाचं झाड. उन्हाळा तेव्हाही होता. दुपारी आई पडवीत पाणी शिंपडायची, वाळ्याचे पडदे ओले करायची, आणि त्या ओल्या वासात आम्ही मुलं फरशीवर गाल टेकून झोपायचो. घराला सागवानी खिडक्या होत्या, दोन दारांच्या, गजांच्या, जमिनीपासून हातभर उंचीवरून सुरू होणाऱ्या. उघडल्या की पूर्ण उघडायच्या. समोरासमोर असल्यामुळे संध्याकाळी खाडीवरचा वारा एकीतून येऊन दुसरीतून जायचा. घरात एकच पंखा होता आणि तोही पाहुणे आले की लावायचा. ते सगळं सुखाचंच होतं असं म्हणणार नाही. पावसाळ्यात कौलं गळायची, विंचू निघायचे, आईचं निम्मं आयुष्य विहिरीच्या काठावर गेलं. पण ज्या कोणा गवंड्याने ते घर बांधलं, त्याला वारा कुठून येतो हे ठाऊक होतं, आणि त्याच्या त्या ठाऊक असण्यावर आम्ही पन्नास वर्षं विजेशिवाय थंड राहिलो.

ते घर पाडून १९८० च्या दशकात तीन मजली इमारत झाली. ती इमारत आता रिडेव्हलपमेंटला गेली आहे. नौपाडा, पाचपाखाडी, कुठल्याही गल्लीत जा, हिरवी जाळी लावलेला एक तरी सांगाडा दिसतो आणि डेब्रिजचे डंपर. भाचीने मला सांगितलं की जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमधले शंभरातले सात-आठ भाग एकट्या सिमेंटचे आहेत. मला वाटलं होतं, भट्टीतल्या कोळशामुळे. पण निम्म्याहून जास्त भाग भट्टीच्या जळणाचा नसतोच. चुनखडीचा दगड तापवला की दगडातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी तो सुटणारच. लाखो वर्षं समुद्रातल्या शंख-शिंपल्यांनी साठवलेला कार्बन आपण स्लॅब टाकण्यासाठी मोकळा करतो. आणि चाळीस वर्षांत तो स्लॅब फोडतो. मला हे ऐकून दु:ख झालं, कारण आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या गळणाऱ्या भिंती, सळया उघड्या पडलेले कॉलम मी रोज बघते. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेल्या शेजारच्या आजींना रोज बघते. इमारत पाडायला हवी आहे. तरीही प्रत्येक डंपर जाताना आता त्यातलं काय काय हवेत गेलं आहे, याची जाणीव होते.

नव्या इमारतीच्या नकाशांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले. केंद्राच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ च्या डिसेंबरात राहत्या इमारतींसाठी एक संहिता आणली, इको निवास संहिता. भाचीने ती मला उघडून दाखवली आणि आम्ही दोघींनी ती जवळजवळ कादंबरीसारखी वाचली. त्यात भिंती, काचा, छत यांमधून घरात शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे. भिंती आणि काचांमधून येणाऱ्या उष्णतेचा आरईटीव्ही नावाचा एक आकडा, तो प्रत्येक चौरस मीटरमागे १५ वॉटच्या वर जाऊ नये. आणि खिडक्यांसाठी आपल्यासारख्या दमट भागात नियम असा की चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश भाग उघडणारा हवा. दिसणारा नव्हे, उघडणारा. सरकत्या काचेची खिडकी दिसते सहा फुटांची आणि उघडते तीनच फूट. वाघबीळच्या त्या घरात हॉलची अख्खी पश्चिम भिंत काचेची होती. बाहेरचं दृश्य फार सुंदर. दुपारी तीननंतर तिथे एसीशिवाय बसता येत नाही, असं त्या इंजिनिअरांनी स्वत:च सांगितलं. त्यांनी चोवीसवर ठेवायचं ठरवलं तरी ती भिंत रोज दुपारी त्यांच्या निश्चयापेक्षा जास्त काम करणार आहे. पुढची चाळीस वर्षं त्या घरात किती वीज जळेल, याचा बराचसा निर्णय कुणा आर्किटेक्टच्या टेबलावर झाला होता, ते घर विकत घेण्याच्या कितीतरी आधी.

पाड्यातही तेच होणार आहे. लोकमान्यनगरात क्लस्टरची, म्हणजे अख्खी वस्ती एकत्र पाडून नव्याने बांधण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे. आज ना उद्या ते पत्रे जातील, त्या बाईला टॉवरमध्ये तीनशे-सव्वातीनशे चौरस फुटांचं घर मिळेल. तिला ते हवं आहे. संडास घरात, पाणी नळाला, पावसात भिंत न झिरपणं, हे सगळं तिला आणि तिच्या सुनेला मिळायलाच हवं. पण ते घर कोणत्या दिशेला तोंड करून असेल, दोन इमारतींमध्ये अंतर किती, खोलीला एकच खिडकी की समोरासमोर दोन, वरच्या मजल्याच्या गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा थर आहे की नाही, यावर तिची शंभरच्या आतली कसरत पुढे जमेल की नाही ते ठरेल. कोंदट खोली मिळाली तर तिचा मुलगा दोन उन्हाळ्यांत हप्त्यावर एसी घेईल, आणि त्याला दोष देणं अन्याय होईल. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण केलं, त्यात गरीब वस्त्यांमधली छतंही धरली. रंग आणि चुना लागतो, फार मोठं तंत्रज्ञान नाही. "वापर कमी करायला तयार आहात का" हा प्रश्न भाची ज्या बाईला विचारत होती तिच्या हातात त्या पंख्याच्या बटणाखेरीज काहीच नव्हतं, आणि तिने ते दाबून दाखवलं. प्रश्न नकाशाला विचारायला हवा होता.

हे मी भाचीला त्याच शब्दांत सांगितलं. ती चिडली नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि मला कॅलिफोर्नियातला एक अभ्यास दाखवला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. शेकडो लोकांना विचारलं, तुम्ही वीज का वाचवता? लोकांनी सांगितलं, पर्यावरणासाठी, समाजासाठी, पैशासाठी. शेजारी वाचवतात म्हणून, हे कारण सगळ्यांत शेवटी. मग संशोधकांनी प्रत्यक्ष वर्तनाशी जुळवून पाहिलं, तर सर्वांत घट्ट संबंध शेजाऱ्यांशीच निघाला. सॅन मार्कोस नावाच्या गावात त्यांनी दारांवर वेगवेगळे संदेश अडकवले, आणि ज्या दारांवर "तुमचे शेजारी हे करताहेत" असं होतं, त्या घरांचे मीटर इतरांपेक्षा हळू फिरले. त्याच गावातल्या आणखी एका प्रयोगात एक अडचण आली होती. सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना शेजाऱ्यांचा आकडा कळला, तेव्हा त्यांनी वापर वाढवला. "तिकडे पेपरात ही अडचण म्हणून लिहिलीय, मावशी," भाची म्हणाली. "पण पाड्यातल्या त्या काकूंनी वापर वाढवला, उकाड्याच्या रात्री दोन पंखे लावले, तर मी ते यश म्हणून लिहीन. कुठे कमी व्हायला हवं आणि कुठे वाढायला हवं, दोन्ही मला लिहायचंय." सत्ताविशीतली मुलगी. देशाचं निव्वळ शून्याचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत जाईल तेवढाच परत शोषला जाण्याचं वर्ष २०७० आहे. तोवर तिने सत्तरी ओलांडलेली असेल. एवढ्या लांबच्या तारखेसाठी ती रात्री दीड वाजेपर्यंत तीनशे घरांची युनिटं एका तक्त्यात भरत असते, एकेक उत्तर पुन्हा तपासून. तिच्या शेजारी बसून मला धीर येतो आणि काळजीही वाटते, आणि या दोहोंपैकी कुठलं जास्त हे रोज वेगळं असतं.

प्रश्नावली तिने बदलली. तयारीचा प्रश्न राहिला, पण त्याच्या आधी आता दुसरे येतात: रात्री उकाड्याने जाग येते का, घरातलं कोणी उन्हाळ्यात आजारी पडलं का, खिडक्या किती आणि त्या उघडतात का, घर कसं असावं हे ठरवताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का. त्या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक लोक आधी गप्प होतात आणि मग खूप बोलतात. किसननगरच्या एका आजोबांनी त्यावर अर्धा तास सांगितलं, चहा होऊन गार झाला. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती काही घरांमध्ये तापमान आणि दमटपणा नोंदवणारी छोटी यंत्रं लावणार आहे, पत्र्याखाली, स्लॅबखाली आणि काचेच्या भिंतीच्या आतही.

आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची सभा गेल्या रविवारी झाली. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. वाढीव कार्पेट, कॉर्पस, ट्रान्झिट भाडं, पार्किंग. सगळे याच गोष्टी विचारत होते आणि त्या विचारायच्याच असतात, माणसाच्या आयुष्यभराची पुंजी आहे ती. माझी पाळी आली तेव्हा मी आर्किटेक्टना विचारलं की या इमारतीच्या भिंतींमधून आणि काचांमधून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा किती, तो पंधराच्या आत आहे का, आणि खिडक्यांचा उघडणारा भाग चटई क्षेत्राच्या किती हिस्सा आहे. ते तरुण होते. त्यांनी मला संहितेचं नाव सांगून तोच आकडा विचारताय ना, अशी खात्री करून घेतली आणि म्हणाले की हिशेब केलेला नाही, पण पुढच्या सभेत देतील. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा वाढवता येईल का तेही बघतील. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. सभा संपल्यावर जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला थांबवलं. त्यांच्या भावाची सोसायटी कळव्याला आहे, तीही रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. "तो पंधराचा आकडा काय म्हणालात तुम्ही, मला जरा लिहून द्या," त्या म्हणाल्या. मी त्यांना दोन्ही प्रश्न लिहून दिले, खिडकीचाही.